काखेत कळसा, कानमध्ये सिनेमा

मंडळी, 2006 च्या मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू आहे, वेळ फार थोडा उरला आहे. 17 मे 2006 ला फ्रान्समधल्या कानच्या चित्रपट महोत्सवाचा पडदा 'द दा विंची कोड'ने उघडणार आणि 19 तारखेला तो जगभरच्या थिएटरांत लागणार. म्हणजे ठाम मत बनवायला तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे. सिनेमा लागल्यावर बनवू म्हणाल तर फसाल. एकदा तो लागला की लोक म्हणतात, ''बघून आलास ना? मग गप्प बस, शेवट फोडू नकोस.'' मत द्यायचं ते आत्ता, कुणीच काही पाहिलेलं नसताना. कंपनीने तो अजून समीक्षकांनाही दाखवलेला नाही. ज्या सिनेमाबद्दलची झाडून सगळी मतं कानातून आली, त्याचा पहिला खेळ कानमध्येच व्हावा, हे योग्यच म्हणायचं.

तर तयारीला लागा. सर्वांत आधी, पुस्तक वाचू नका. मार्च 2003 मध्ये आलेल्या डॅन ब्राऊनच्या या कादंबरीच्या 4 कोटींहून जास्त प्रती खपल्यात, त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणाकडे तरी ती असणारच. त्यातलं गुपित थोडक्यात असं: येशूचं त्याची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्याशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश फ्रान्समध्ये चालला आणि एक गुप्त संघटना तो जपत आलीय. उसनी आणा, चाळिसाव्या पानात बसचं तिकीट खोचा आणि लोकांना दिसेल अशी ठेवा. पण उघडू नका. उघडलीत तर पंचाईत होईल. दोन-दोन, तीन-तीन पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी दचकतं, कुणाचा तरी श्वास अडकतो, आणि तुम्हाला वाटतं आता एवढं एकच वाचून दिवा मालवू. रात्रीचे दोन वाजतात. धर्मशास्त्रावर वाद घालायच्या इराद्याने बसलेले तुम्ही आणि हातात काय, तर पॅरिसच्या पोलिसांना चुकवत धावणारा एक प्राध्यापक आणि त्याच्याबरोबर एक हुशार मुलगी. एवढ्याशा ऐवजावर कुणाची भावना दुखवून घेणार तुम्ही?

फक्त एक पान वाचा. गोष्ट सुरू होण्याआधी एक छोटंसं पान आहे, वर मथळा 'वस्तुस्थिती' अशा अर्थाचा. त्यात लेखक सांगतो की प्रायरी ऑफ सायन ही 1099 साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरीखुरी आहे, आणि पुस्तकातली चित्रं, इमारती, कागदपत्रं, गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत. माझं विचाराल तर सगळी मेख या पानात आहे. हे पान नसतं, तर ही कादंबरी लोकांनी रेल्वेत वाचली असती आणि उतरताना बर्थवर विसरली असती.

आता बाजू निवडा. सगळ्यात सोयीची बाजू तज्ज्ञाची. तज्ज्ञ व्हायला फार लागत नाही, एक आकडा पुरतो. लूव्र संग्रहालयाच्या अंगणात आय. एम. पेई यांनी उभा केलेला काचेचा पिरॅमिड 1989 मध्ये खुला झाला. कादंबरी म्हणते, त्याला बरोबर 666 काचा आहेत, सैतानाच्या आकड्याइतक्या, आणि त्याही राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या खास हुकमावरून. संग्रहालयाचा हिशेब 673 चा आहे: 603 चौकटच्या पानाच्या आकाराच्या आणि 70 त्रिकोणी. तुम्ही चारचौघांत फक्त एवढंच म्हणायचं, ''सात काचांचा फरक आहे हो,'' आणि खिडकीबाहेर बघायचं. पुढचा अर्धा तास तुम्हाला कुणी आडवं जाणार नाही.

त्यावरही भागलं नाही तर प्रायरी काढा. या नऊशे वर्षांच्या संघटनेची नोंदणी 1956 ची आहे. फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या सरकारी कचेरीत, पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने चार माणसं जमवून ती रीतसर केली. 'सायन' हे जेरुसलेमचं नव्हे, जवळच्या एका टेकडीचं नाव. आणि संघटनेच्या पत्रकात विषय कोणता, तर स्वस्त घरांचा. येशूचा वंश जपायची जबाबदारी अंगावर पडायच्या आधी ही मंडळी भाडेकरूंच्या अडचणी सोडवत होती. पुढे याच प्लांतारच्या गोटातून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बनावट कागद जमा करण्यात आले, आणि ग्रंथालयात सापडले म्हणून ते खरे ठरले. एखाद्याने आपल्या नावची पाटी स्वतःच दारावर लावावी आणि मग पाटीकडे बोट दाखवून 'बघा, घर माझंच' म्हणावं, त्यातला प्रकार. मला विचाराल तर या माणसावर सिनेमा निघायला हवा. पण त्याला कोण जाणार? तो खरा आहे.

समजा, तज्ज्ञ होणं तुमच्या स्वभावात नाही आणि तुम्हाला भाविक व्हायचंय. देवाचे नव्हे, गुपिताचे भाविक. त्यांच्यासाठी साधनेचा विषय म्हणजे लिओनार्दो दा विंचीचं 'शेवटचं भोजन' हे चित्र, मरणाआधी येशू शिष्यांबरोबर जेवतोय ते. परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याने मासिकातलं रंगीत चित्र टेबलावर पसरलं, एका कोपऱ्यावर पाण्याचा जग ठेवला आणि चमच्याच्या दांड्याने दाखवायला लागला. ''ही बघ. येशूच्या उजव्या हाताला. दाढी नाही, मिशी नाही, केस लांब, मान कलती. बाई आहे ही. मेरी मॅग्डलीन!''

मी म्हटलं, ''बरं. मग जॉन कुठाय?''

''कोण जॉन?''

''बारा शिष्यांतला सगळ्यात तरुण. फ्लॉरेन्सकडचे चित्रकार त्याला बिनदाढीचाच काढायचे. पानावर डोकी मोज.''

त्याने चमच्याने डोकी मोजली. डावीकडून तेरा, उजवीकडून तेरा. येशू धरून तेरा, म्हणजे शिष्य बारा. त्यात ही बाई धरली तर जॉन गैरहजर, आणि तेही त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जेवणाला. मित्राने चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बराच वेळ करुणेने पाहिलं आणि म्हणाला, ''तेच तर गुपित आहे. जॉनला गायब केलं त्यांनी.''

याला म्हणतात श्रद्धा. हिच्यापुढे तुम्ही त्या चित्राचा इतिहास अजिबात काढू नका. मिलानच्या मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवर 1495 ते 1498 च्या सुमारास लिओनार्दोने ते काढलं. ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवायची रीत त्याच्या सावकाश कामाला झेपेना, म्हणून कोरड्या भिंतीवर स्वतःचा प्रयोग केला आणि काही दशकांतच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. 1652 मध्ये मठाने भिंतीत दार फोडलं, त्यात येशूचे पाय गेले. 1943 मध्ये इमारतीवर बॉम्ब पडला, भिंत तेवढी वाचली. मग वीसेक वर्षं चाललेली डागडुजी 1999 मध्ये संपली. आज तिथे माणसं मोजून आत सोडतात, पंधरा मिनिटांपुरती. अशा भिंतीवर कादंबरीला स्त्रीच्या छातीचा हलकासा उभार दिसतो. पंधरा मिनिटांत मला तर कुठला रंग आणि कुठला पोपडा हेसुद्धा कळलं नसतं. पण माझी नजर साधी. आणि हो, 'दा विंची' हे आडनाव नव्हे, 'विंची गावचा' एवढाच त्याचा अर्थ, हेही मनात ठेवा. बोललात तर सिनेमाचं नाव 'गावच्याचं कोडं' होऊन बसेल.

येशूचं लग्न सिद्ध करायचं असेल तर फिलिपची गॉस्पेल सांगा. इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ 1945 मध्ये सापडलेल्या जुन्या पोथ्यांतली ही एक. कादंबरीतला विद्वान ऐटीत सांगतो की अरमाईक भाषेत 'सोबतीण' या शब्दाचा अर्थ पत्नीच. मुद्दा बिनतोड आहे, पोथी तेवढी कॉप्टिक भाषेत आहे. त्यात पुढे म्हटलंय की तो मेरीचं वारंवार चुंबन घ्यायचा, तिच्या… आणि नेमकं इथे पपायरसला भोक आहे. खोटं नाही सांगत. कादंबरीने त्या भोकात 'ओठ' बसवलेत. कुणी कपाळ बसवेल, कुणी हात. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी खर्ची पडलं होतं. इथे नुसत्या भोकावर काम भागलं.

आता राहिला दुखावलेल्यांचा पक्ष. इथे भरती जोरात आहे, पण शिस्त हवी. 2005 च्या मार्चमध्ये जेनोआच्या कार्डिनलांनी सांगितलं, हे पुस्तक वाचू नका, विकत घेऊ नका. तोवर पुस्तक येऊन दोन वर्षं झाली होती. ज्यांना अजून त्याचा पत्ता नव्हता, त्यांनाही तो लागला. गेल्या 28 एप्रिलला रोममध्ये आर्चबिशप आंजेलो अमातो यांनी सिनेमावर बहिष्काराचं आवाहन केलं. एवढी जाहिरात पैसे टाकून कुठल्या कंपनीला मिळाली असती? तीसुद्धा कृतघ्न नाही. सिनेमा काढणाऱ्या कंपनीनेच इंटरनेटवर एक जागा उघडून ख्रिस्ती अभ्यासकांना सांगितलंय, या, कादंबरीतल्या चुका इथे लिहा. निषेधाचा मांडवसुद्धा वरपक्षाकडूनच.

ओपस देई या संस्थेबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं. 1928 मध्ये माद्रिदला निघालेली ही कॅथलिक संघटना. तिच्यावर टीका करण्याजोगं पुष्कळ आहे आणि ती टीका होतही आलीय. कादंबरीने ते सगळं सोडून तिच्या पदरात एक खुनी संन्यासी टाकला. आता ओपस देईत संन्यासीच नसतात, बहुतेक सदस्य नोकरी-धंदा करणारे संसारी लोक. त्यांची मागणी एवढीच होती की सिनेमाच्या सुरुवातीला 'ही कथा काल्पनिक आहे' अशी पाटी टाका. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड यांना ते पटलेलं नाही. रहस्यपटाला कसली पाटी, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकाला 'खरं आहे' अशी पाटी चालली, सिनेमाला 'खोटं आहे' अशी चालत नाही.

दुखावून घ्यायलाही जमत नसेल तर सरळ दावा ठोका. मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी तेच केलं. येशूचा वंश फ्रान्समध्ये नांदला, हे त्यांच्यासह तिघांनी 1982 च्या पुस्तकात इतिहास म्हणून मांडलं होतं. ब्राऊनने आमची कल्पना चोरली म्हणून दोघे लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. (चोरी लपवायचा प्रयत्न नव्हता, हे कबूल करायला हवं. कादंबरीतल्या विद्वानाचं नाव ली टीबिंग. 'टीबिंग'ची इंग्रजी अक्षरं हलवली की 'बेजंट' होतं.) गंमत बघा: आमचं म्हणणं इतिहास आहे म्हणावं तर इतिहासावर कुणाची मालकी नसते, आणि आम्हीच ते रचलं म्हणावं तर मग इतिहास कसला? 7 एप्रिलला ते हरले. पण दोन्ही पुस्तकं एकाच प्रकाशनसंस्थेची, आणि खटल्याच्या दिवसांत त्यांच्या जुन्या पुस्तकाचाही खप वाढला. म्हणजे तिथे हरलं कोण, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

आणि न्यायमूर्ती! पीटर स्मिथ यांनी निकालपत्रात अधूनमधून एखादं अक्षर तिरप्या ठशात सोडलं. आधी सगळ्यांना छपाईची चूक वाटली. अक्षरं ओळीने लावली तर 'स्मिथी कोड' निघालं आणि पुढचं उलगडल्यावर अ‍ॅडमिरल जॅकी फिशर व त्यांची 'ड्रेडनॉट' युद्धनौका, जी 1906 मध्ये पाण्यात उतरली. न्यायमूर्तींना आरमाराच्या इतिहासाचा नाद, बोटीचं शतक साजरं करायचं होतं. मोरोपंतांनी आर्यांच्या अक्षरांतून रामनामाचा मंत्र गुंफला, तेव्हा त्यांच्यापुढे निदान वादी-प्रतिवादी ताटकळत उभे नव्हते.

यातलं काहीच जमलं नाही तर यात्रेला निघा. पॅरिसच्या सां-सुल्पीस चर्चने चित्रीकरणाला नकार दिला. तिथे आता पाटी आहे की जमिनीवरची पितळी रेघ म्हणजे कादंबरीतली 'रोझ लाइन' नव्हे, ते अठराव्या शतकातलं ईस्टरची तारीख ठरवायचं यंत्र आहे. लोक पाटी वाचतात आणि रेघेवर गुडघे टेकून फोटो काढतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीने पुस्तक धर्मदृष्ट्या सदोष म्हणून कॅमेऱ्याला दार लावलं. मग इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या कॅथीड्रलने 1 लाख पौंडांची देणगी घेऊन दार उघडलं. पुस्तक त्यांच्याही लेखी सदोषच होतं, पण इमारतीची दुरुस्ती करायची तर निर्दोष पैसा आणायचा कुठून? एडिनबरोजवळचं रॉसलिन चॅपेल तर बघाच. धर्मयुद्धांतल्या टेम्प्लर योद्ध्यांनी ते बांधलं म्हणे. पाया 1446 चा, आणि टेम्प्लर 1312 मध्येच बरखास्त झालेले. 2006 च्या या दिवसांत ओले दगड वाळावेत म्हणून त्यावर पत्र्याचं भलंमोठं छप्पर घातलंय. विश्वाचं गुपित शोधायला आलेल्यांना आधी शेड दिसते.

एवढं करूनही कुणी खिंडीत गाठलंच, तर सिनेमाचा नायक टॉम हँक्स याच्या केसांवर बोला. पोस्टरवर दिसतात ते. या सबंध प्रकरणात प्रत्यक्ष पुरावा असलेली तेवढी एकच गोष्ट आहे.

राहता राहिला शेवट. तो तुम्हाला माहीत हवाच. गोष्ट लूव्रमध्ये एका खुनाने सुरू होते. नायक तिथून पळतो तो सगळं पॅरिस, मग लंडन, मग स्कॉटलंड पालथं घालतो, आणि शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की येशूच्या शेवटच्या भोजनातल्या ज्या पवित्र प्याल्याच्या मागे तो लागला होता, तो आहे लूव्रच्याच पोटात. कादंबरीला याला साडेचारशेच्या वर पानं लागली; मराठीत पाच शब्दांत होतं: काखेत कळसा नि गावाला वळसा.

मात्र हे थिएटरात बसून सांगू नका, लोक मारतील. तिकिटाच्या रांगेत सांगा, पुढच्या माणसाने पैसे खिडकीत सरकवायच्या आत.