वाडीला दहा मिस्ट ब्लोअर कशाला? एकच घ्या, पण बघून घ्या

आमच्या होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन दिवस एकच विषय चाललाय. कुणीतरी अमेरिकेतला व्हिडिओ टाकला. एक माणूस पाठीवर मिस्ट ब्लोअर लावून बंगल्याभोवतीच्या झुडपांवर भर्रकन फवारा मारतो आणि डास गायब. लगेच "दहा घेतले तर डिस्काउंट बसेल", "माझं एक लिहा", "माझंपण". ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतोय.

हे मशीन माझ्याकडे दोन वर्षं आहे. पंधरा गुंठ्यांचं आगर, त्यात नारळ-पोफळी, मिरीचे वेल, केळी आणि मधे पाहुण्यांच्या तीन खोल्या. मशीन वाईट नाही. पण घरटी एक घ्यायची वस्तूही नाही. सगळ्या वाडीत मिळून एक चांगलं घ्यावं आणि ते एकाच माणसाने चालवावं, असं माझं मत आहे.

आधी एक घोटाळा निस्तरतो. ग्रुपवर निम्मे लोक याला धुराचं मशीन समजतायत. ग्रामपंचायत मारते तो धूर वेगळा. त्यात औषध डिझेलमध्ये मिसळून तापवतात, पांढरे लोट निघतात आणि त्या घटकेला हवेत उडणारा डास मरतो. धूर विरला की काम संपलं. मिस्ट ब्लोअरमध्ये इंजिनावर पंखा असतो. तो जोरात हवा फेकतो, त्या झोतात औषधाचं पाणी फुटून बारीक तुषार होतात आणि पानांच्या खालच्या बाजूला जाऊन बसतात. दुपारी डास तिथेच सावलीत टेकलेला असतो. मेहनत हवेवर नाही, पानावर करायची.

तुषार किती बारीक, तर साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या आगेमागे. हातपंपाचा थेंब याच्या कितीतरी मोठा असतो, पानावरून ओघळून खाली येतो. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्यात आठपट थेंब होतात. मशीनला पैसे मोजायचे ते या हिशेबासाठी.

दुकानदार हे सांगत नाही. मी चिपळूणला गेलो तेव्हा त्याने आधी इंजिनाचे सीसी सांगितले, मग टाकी दाखवली. "काका, चौदा लिटरचं घ्या, परत परत भरायला नको." म्हटलं, भरून दे पाठीवर. त्याने भरून दिलं. रिकामं मशीन अकरा किलो, त्यात चौदा लिटर पाणी, वर दीड लिटर पेट्रोल. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्तच वजन झालं, आणि हे पोतं पाठीवर थरथरतं. दुकानाच्या दारापासून रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन आलो आणि दहा लिटरचं घेतलं. माझं वय ५४. ग्रुपवर "माझं एक लिहा" म्हणणाऱ्यांत साठीच्या आतले किती, ते तुम्हीच मोजा.

बघायचं ते हे. नळी खाली धरून सोडलेला फवारा ठीक दिसतो, ती खांद्याच्या वर उचलली की काय होतं? स्वस्तातल्या मशीनमध्ये औषध टाकीतून जवळपास आपल्या वजनानेच उतरतं, त्यामुळे नळी टाकीच्या वर गेली की धार मरते आणि नुसता वारा निघतो. आपल्याला माडाच्या शेंड्याला मारायचं नाहीये. पण मिरीचा वेल डोक्यावर जातोच. जुनं वर्तमानपत्र घेऊन जा, चार-पाच मीटरवर कुणालातरी धरायला लावा आणि नुसतं पाणी मारून बघा. कागदावर बारीक ठिपके दाट उठले तर ठीक. मोठाले डाग पडून कागद फाटला तर मशीन ठेवून या. नळीच्या तोंडाशी औषध कमी-जास्त सोडायची आकड्यांची चकती असते, ती हातमोजे घालून फिरते का तेही बघा. माझी फिरत नाही. दर वेळी एक हातमोजा काढावा लागतो, आणि औषध नेमकं त्याच हाताला लागतं.

पाच-सात गुंठ्यांचं परसू असेल त्याने या भानगडीत पडूच नये. आंब्यावर मारायला चार्जिंगचा पंप बहुतेकांकडे आहे. बारीक नोझल लावून पानं उलटीकडून भिजवली तर तेवढ्या जागेला पुरतं. पानं उलटायचा कंटाळा येतो, एवढंच.

आता घरटी एक का नको. आमच्या वाडीत आगरं लांबट पट्ट्यांची, मधे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. झुडपातला डास फार लांब जात नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, पण तेवढ्यात चार-पाच गडगे येतात. मी सोमवारी मारलं, शेजाऱ्याने पुढच्या रविवारी आणि पलीकडचा मुंबईला असल्याने त्याने मारलंच नाही, की मधल्या दिवसांत डासांनी फक्त घरं बदलली. सगळ्या पट्ट्या एकाच सकाळी व्हायला हव्यात. एक मशीन आणि एक माणूस असेल तरच ते जमेल, दहा मशिनं आली की दहा मुहूर्त निघतील.

दुसरं, हे मशीन वर्षात चार-पाच वेळा निघतं. जुलैत मारण्यात अर्थ नाही, आपल्याकडचा पाऊस संध्याकाळपर्यंत सगळं धुऊन नेतो. पाऊस ओसरला की एकदा, दिवाळीच्या पाहुण्यांआधी एकदा, मग गरजेप्रमाणे. बाकीचे महिने ते पडवीत पडून. पहिल्या वर्षी मी टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल तसंच ठेवलं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात आपल्या हवेत पाण्याला काय तोटा! सप्टेंबरात दोरी ओढून ओढून खांदा उतरला. शेवटी कार्बोरेटर उघडला तर आत चिकट डिंक. अशी दहा इंजिनं दहा पडव्यांत कोण सांभाळणार?

आणि औषध. दहा घरांत दहा बाटल्या, त्याही स्वयंपाकघराच्या मागे खताच्या पोत्याशेजारी. मारतात ती बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली, डेल्टामेथ्रीन वगैरे. अगरबत्तीत आणि भिंतीवरच्या मशीनच्या लिक्विडमध्येही याच गटातली भावंडं असतात. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा, "जरा स्ट्राँग करून" मारलं की डास त्याला सरावतो. बागेसाठी आणलेलं कीटकनाशक तर अजिबात नको. लेबलवर डासांसाठी म्हणून लिहिलेलं असेल तेच आणि लिहिलंय तेवढंच. २०१७ साली यवतमाळात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं विषबाधेने गेली. ती औषधं वेगळी, जास्त जहाल होती. पण अंगावर उलटणारा बारीक तुषार आणि तोंडाला गुंडाळलेला रुमाल आपल्याकडेही तसाच आहे. रुमालाने तुषार अडत नाही. मास्क, चष्मा, लांब बाह्या, आणि वाऱ्याकडे पाठ.

माझी स्वतःची चूक सांगतो. आरोग्य खात्याच्या ताईंनी गप्पी मासे दिले होते, ते विहिरीत आणि डोणीत, म्हणजे पाण्याच्या कुंडात, सोडलेले. डोणीत एकही अळी उरलेली नव्हती. पहिल्यांदा मशीन आलं त्या उत्साहात मी डोणीच्या कडेची अळवं फवारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते, सगळे. हे औषध माशांना भयंकर असतं. दहा दिवसांनी त्याच डोणीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बायको अजून पाहुण्यांना हा किस्सा सांगते.

मधमाशीचंही तेच. नारळाला बारा महिने फुलोरा असतो, सातेरी माशी सकाळपासून त्यावर असते. म्हणून फुलावर मारायचं नाही, माणसाच्या उंचीपर्यंतच्या पानांवर मारायचं, तेही अगदी पहाटे. अडाणी हातात हा ब्लोअर म्हणजे पुढच्या वर्षीचं फळ आपणच कमी करणं.

कुणी म्हणेल, मग डास कुठला ते तरी बघ. बघितलाय. दुपारी आगरात पायाला चावतो त्याला मारून तळहातावर घ्या. काळा, पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ. हा झुडपातला, याला ब्लोअर लागू पडतो. याचा भाऊबंद घरातला. त्याच्या पाठीवर वीणेसारखी खूण असते आणि तो पडद्यामागे, कॉटखाली बसतो. डेंग्यू मुख्यतः त्याचा. बाहेर कितीही फवारा, तो आत मजेत. आणि रात्री कानाशी गुणगुणतो तो तिसराच, गटाराचा आणि संडासाच्या टाकीचा. त्याला व्हेंट पाईपवर पन्नास रुपयांची जाळी आणि सांडपाण्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून गाव डासमुक्त केलं, ब्लोअर घेऊन नव्हे.

पहिल्या दोघांसाठी मी मशीन काढायच्या आधी आगरात एक फेरी मारतो. करवंट्या, पोफळीच्या विऱ्या (झावळीची गळून पडलेली खोलगट बुडं), ताडपत्रीची घडी, पाहुण्यांनी टाकलेले ग्लास. गेल्या सप्टेंबरात एका विरीत चहाच्या कपाइतकं पाणी होतं, त्यात मी अळ्या मोजायला लागलो आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणजे ही फेरी दर आठवड्याला, आणि ती कुठल्याही मशीनने होत नाही.

तर प्रस्ताव असा. वर्गणी काढून एक चांगलं मशीन, सुटे भाग चिपळुणात मिळतील असंच. चालवायला आमच्याकडे नारळ उतरवायला येतो तो पोरगा तयार आहे, त्याला रोजची मजुरी आणि मास्क-चष्मा वाडीने द्यायचा. औषध एकाच ठिकाणी, कुलपात.

रविवारी चार वाजता माझ्या पडवीत या. मशीन बाहेर काढून ठेवतो, टाकीत नुसतं पाणी असेल. ज्यांनी "माझं एक लिहा" लिहिलंय त्यांनी ते पाठीवर घेऊन विहिरीपर्यंत जाऊन यायचं. मग चहा घेऊ आणि ऑर्डरचं बोलू.