रॅम कुठली बसते, एवढं तरी छापा!

लॅपटॉपच्या खोक्यावर आणि कीबोर्डच्या कडेला स्टिकरच स्टिकर. प्रोसेसरचा एक, विंडोजचा एक, स्पीकर कुणी ट्यून केलेत त्याचा एक, वीज किती वाचते त्याचा एक. आणि मेमरीबद्दल? ‘८ जीबी रॅम’. संपलं! डीडीआर४ की डीडीआर५ (या रॅमच्या पिढ्या), बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाग देऊन बसवलेली, की काढता येणारी, ती बसवायच्या खाचा म्हणजे स्लॉट किती, त्यातला मोकळा किती, याबद्दल चकार शब्द नाही. पन्नास-साठ हजार मोजून घेतलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे हे गिऱ्हाइकाला कळूच द्यायचं नाही, असं ठरवूनच हे चाललंय. माझं डोकं फिरलंय ते यावरून.

भाची इंजिनिअरिंगला आहे. मोबाइलची अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि ती चालवून बघायचा एम्युलेटर एकदम उघडले की तिच्या लॅपटॉपवर माउसचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. ‘मामा, रॅम ८ ची १६ करून दे ना,’ म्हणाली. काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. मागचं झाकण काढायचं, रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसल्या की झालं. पण कुठली स्टिक आणायची हे शोधण्यात माणूस मेटाकुटीला येतो.

प्रोसेसर आहे आय५-१२३५यू. इंटेलच्याच माहितीप्रमाणे हा एकटा प्रोसेसर चार प्रकारची मेमरी चालवतो: डीडीआर४, डीडीआर५, एलपीडीडीआर४एक्स आणि एलपीडीडीआर५. लॅपटॉपच्या डीडीआर४ स्टिकला २६० पिना, डीडीआर५ला २६२, खाचही वेगळ्या जागी, म्हणजे एकीच्या जागी दुसरी बसणंच शक्य नाही. एलपीडीडीआर, म्हणजे कमी वीज खाणारी डीडीआर, तर बहुतेक वेळा थेट बोर्डावरच सोल्डर केलेली. तेव्हा ‘मैत्रिणीकडे हाच प्रोसेसर आहे, तिने टाकली ती आण’ याला काडीचा अर्थ नाही. मॉडेलचं नाव घेऊन शोधावं, तर त्याच एका नावाखाली वेगवेगळे बोर्ड विकलेले. फरक असतो तो तळाला बारीक अक्षरात छापलेल्या लांबलचक कोडच्या शेपटात, आणि त्या शेपटाचा अर्थ कंपनीच्या साइटवर सापडत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. ‘सर, १६ जीबीपर्यंत अपग्रेड होतो.’ बरं, प्रकार कुठला? ‘ते सर्व्हिस सेंटरला विचारा.’ सर्व्हिस सेंटर म्हणतं, मशीन आणून ठेवा, बघून सांगतो, तपासणीचे पैसे वेगळे. आणि तुम्ही स्वतः उघडलंत तर वॉरंटीची जबाबदारी आमची नाही! अरे, हा लॅपटॉप बनवला कुणी? मी?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर ‘२ पैकी १ स्लॉट वापरात’. आता यातून काय समजायचं? दोन खरे स्लॉट आहेत, की एक बोर्डावर सोल्डर आणि एकच मोकळा? बऱ्याच लॅपटॉपवर सोल्डर केलेली मेमरीसुद्धा स्लॉट म्हणूनच मोजलेली दिसते. शेवटी झाकण उघडल्यावरच उलगडा झाला. ८ जीबी डीडीआर४ सोल्डर, शेजारी एक रिकामा स्लॉट. ही एक ओळ खोक्यावर छापायला काय जात होतं?

आणि हे बघा. त्याच लॅपटॉपवर ‘आयरिस एक्सई’ या इंटेलच्या वेगवान ग्राफिक्सची जाहिरात. पण हे ग्राफिक्स त्या नावाने चालायला मेमरी ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी डेटा नेणारी, लागते. कंपनीने एकाच चॅनेलवर ८ जीबी देऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवला की विंडोजमध्ये साधं ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसतं आणि वेगही तसाच मिळतो. म्हणजे ज्याचे पैसे घेतले ते पदरात पाडून घ्यायला पुन्हा आपणच खिशात हात घालायचा. ही शुद्ध फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

बाजाराची तऱ्हा याहून वाईट. मागे घरातल्या जुन्या, चौथ्या पिढीच्या आय३ लॅपटॉपसाठी रॅम आणायला पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलो होतो. पीसी३एल, म्हणजे डीडीआर३एल, हवी, असं स्पष्ट सांगितलं होतं. दुकानदाराने हातात ठेवली ती साधी पीसी३, म्हणजे डीडीआर३. ‘एकच असतं साहेब, चालून जाईल.’ नाही जात चालून! डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५ वर, आणि त्या पिढीचे लॅपटॉप १.३५ च मागतात. घात असा की खाच दोन्हींची एकाच जागी, त्यामुळे चुकीची स्टिकसुद्धा व्यवस्थित बसते आणि स्क्रीन मात्र काळा तो काळाच. मी लेबल वाचून तिथेच परत केली. पण ज्याला तो ‘एल’ बघायचा असतो हे ठाऊक नाही, त्याने काय करायचं?

लेबलं तरी माणसाने वाचावीत अशी आहेत का? एका स्टिकवर ३२००, दुसरीवर २५६००, आणि दोन्ही एकच! पहिला आकडा सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा जातो त्याचा, दुसरा सेकंदाला किती एमबी जातात त्याचा: ३२०० गुणिले ८ बाइट. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघाल तर तीच स्टिक १६०० च्या आसपास दिसते, कारण तिथे घड्याळाचे खरे ठोके दाखवतात आणि डीडीआर प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते. कितीतरी लोक तो आकडा बघून घाबरतात आणि चांगली स्टिक परत करायला धावतात. ऑनलाइन घ्यावी तर ‘सर्व लॅपटॉपना चालेल’ असं बिनधास्त लिहिलेलं, आणि खाली ‘फक्त बदलून मिळेल’. बदलून काय देणार, तर तीच न बसणारी स्टिक! त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव असे चढलेत की एक चुकीची खरेदी म्हणजे चांगलाच भुर्दंड.

सोल्डर करण्याला माझा सरसकट विरोध नाही. एलपीडीडीआर वीज कमी खाते, बोर्ड बारीक होतो, मान्य. ज्याला पातळ लॅपटॉप हवा त्याने खुशाल घ्यावा. पण विकताना सांगा ना, की बाबा, ही रॅम आयुष्यात वाढणार नाही, आत्ताच १६ ची घे! कर्ज काढून पोरीला लॅपटॉप घेऊन देणाऱ्या बापाला हे तीन वर्षांनी कळावं?

आणि हे जमत नाही असं तर मुळीच नाही. लेनोव्हो पीएसरेफ नावाच्या साइटवर मॉडेलगणिक लिहिते: किती सोल्डर, किती स्लॉट, कमाल किती. क्रुशियल आणि किंग्स्टन या मेमरीच्या ब्रँडांनी दुसऱ्यांच्या लॅपटॉपच्या याद्या करून ठेवल्यात. मग बनवणाऱ्या प्रत्येकालाच का जमू नये? फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि खोक्यावर छापण्याची सक्ती वेगळी. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापायला लावता, मग लॅपटॉपवर मेमरीचा प्रकार, सोल्डर किती, मोकळे स्लॉट किती आणि कमाल क्षमता किती, या चार गोष्टी छापायला लावा. दुकानदारालाही पैसे घ्यायच्या आधी त्या वाचून दाखवायला लावा.