बापाने न केलेल्या सहीची शिक्षा मुलाला कशासाठी?

नमस्कार,

लग्न न झालेल्या आईबापांच्या, परदेशात जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व देताना अमेरिकेचा कायदा आई आणि बाप यांच्यात भेद करतो, असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत वाटेला लावणं बरोबर नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. तुमचं म्हणणं असं: लग्न न करता मूल होऊ दिलं तर त्याचे परिणाम भोगावेत, कायद्याच्या नावाने बोटं मोडू नयेत. आई कोण हे जन्माच्या वेळीच दिसतं, बाप कोण हे सिद्ध करावं लागतं, म्हणून दोघांना वेगळे नियम असणं रास्त आहे. आणि मी ज्यांची बाजू मांडली ते न्गुयेन आणि मोरालेस-सांताना दोघेही गुन्हे करून हद्दपारीपर्यंत पोचलेले, त्यांचा एवढा कळवळा कशाला? शेवटी तुम्ही विचारलंत, की अमेरिकेच्या या कायद्याशी मराठी माणसाचा संबंध काय.

परिणाम भोगावेत हे मान्य, पण ते भोगतं कोण ते बघा. बाप अमेरिकन नागरिक होता तसाच राहतो, आईचंही नागरिकत्व तिच्याजवळ राहतं. ज्याने काहीच ठरवलेलं नव्हतं, त्या मुलाचं मात्र जातं. अमेरिकन कायद्यात लग्नाबाहेरच्या मुलाला बापाकडून नागरिकत्व मिळायचं तर रक्ताच्या नात्याचा भक्कम पुरावा लागतो, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत खर्च करीन असं बापाने लेखी द्यावं लागतं, आणि त्याच वयाच्या आत पितृत्व शपथेवर मान्य करावं लागतं किंवा कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर मुलाला कायद्याने औरस ठरवून घ्यावं लागतं. यातलं एकही काम मुलाच्या हातातलं नाही. बापाने हयगय केली तर त्याला दंडसुद्धा होत नाही.

तुमचा दुसरा मुद्दा वजनदार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ५ विरुद्ध ४ मतांनी नेमकं तेच म्हटलं. पण तो खटला कोणाचा होता? तुआन आन्ह न्गुयेनचा जन्म १९६९ सालचा, सायगावचा. बाप जोसेफ बुले अमेरिकन, आई व्हिएतनामी. दोघांचं नातं तुटलं. मुलगा सहाव्या वर्षाच्या आत अमेरिकेत आला आणि टेक्ससमध्ये बापाने त्याला वाढवलं. पुढे डीएनए तपासणी झाली, नातं ९९.९८ टक्के निघालं, १९९८ मध्ये टेक्ससच्या कोर्टाने बुले हाच बाप असा आदेशही दिला. तोवर मुलगा अठ्ठावीस वर्षांचा. मुदत कधीच टळून गेली होती.

म्हणजे पुराव्याचा प्रश्न उरलेलाच नव्हता. तेव्हा न्यायालयाने दुसरं कारण पुढे केलं: बाळंतपणात आई हजर असतेच, त्यामुळे मुलाशी नातं जुळण्याची संधी तिला आपोआप मिळते, बापाला तशी मिळेलच असं नाही. त्यासाठी निकालात सैनिकांचा दाखला आहे. १९६९ मध्ये दहा लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक परदेशांत होते. पण या खटल्यातल्या आईबापांकडे बघा. आई मुलाच्या आयुष्यातून निघून गेलेली, आणि बापाने त्याला लहानाचं मोठं केलेलं. उद्या एखादा माणूस एक दिवस शपथपत्रावर सही करून गेला आणि पुन्हा मुलाचं तोंडही पाहिलं नाही, तरी कायद्याचं समाधान होतं. वर्षानुवर्षं डबा भरून शाळेत पोचवणाऱ्या बापाने तो कागद केला नाही तर होत नाही. याला नात्याची कदर म्हणायला माझं मन तयार नाही. उलट, ‘मूल काय ते आईचं’ हे गृहीत धरून पुरुषाला हात झटकायची सोय करून देणारी ही वाट आहे, आणि एक बाई म्हणून मला ती जास्त टोचते.

गुन्ह्यांबद्दल. दोघांवरचे गुन्हे शाबित झाले होते, हे मी मूळ लेखातही लपवलेलं नाही. पण विवाहित जोडप्याच्या मुलाने तोच गुन्हा केला असता तर तो तुरुंगात गेला असता आणि शिक्षा भोगून घरी आला असता. जन्माने मिळणारं नागरिकत्व हा चारित्र्याचा दाखला नव्हे. ब्रिटनमध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. जमैकात १९८५ साली जन्मलेला एक माणूस, बाप ब्रिटिश, आईबापांचं लग्न नाही. लहानपणीच ब्रिटनला आलेला, पुढे गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की लग्न झालं असतं तर जे आपोआप मिळालं असतं, त्यासाठी अशा माणसाकडून चांगल्या वर्तणुकीची अट घालणं हा भेदभाव आहे. १ जुलै २००६ पासून जन्मलेल्या मुलांना तर तिथे बापाकडूनही नागरिकत्व मिळतं, मग लग्न झालेलं असो वा नसो.

आता ज्या खटल्यावर तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत तो. लुईस मोरालेस-सांताना, जन्म १९६२, डोमिनिकन रिपब्लिक. बाप पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरचा, अमेरिकन नागरिक. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बापाने मूल होण्याआधी अमेरिकेच्या भूमीवर १० वर्षं काढलेली असावी लागत, त्यातली ५ वयाच्या चौदाव्या वर्षानंतर. हा माणूस ऊस कंपनीतल्या नोकरीसाठी पोर्तो रिकोहून निघाला तो एकोणिसाव्या वाढदिवसाच्या २० दिवस आधी. तेवढेच २० दिवस कमी पडले. पुढे १९७० मध्ये आईबापांनी लग्न केलं, मुलगा तेराव्या वर्षी अमेरिकेत आला, तरी काही बदललं नाही. त्याच्या बापाच्या जागी अविवाहित अमेरिकन आई असती तर तिला सलग एक वर्षाचा मुक्काम पुरला असता.

जून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. निकालपत्र न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं. पण बापांनाही एक वर्ष लावायचं, तर विवाहित जोडप्यांची मुलं मागे पडतील, कारण त्यांना मोठीच मुदत लागू होती. म्हणून अविवाहित आईला असलेली सवलतच काढून घेतली. १२ जून २०१७ पासून सगळ्यांना सध्याच्या कायद्यातली पाच वर्षं, त्यातली दोन चौदाव्या वर्षानंतरची. मोरालेस-सांतानाच्या पदरात काही पडलं नाही. तर्क मला कळतो. पण ज्याच्यावर अन्याय झाला असं न्यायालय स्वतःच म्हणतं, त्याला रिकाम्या हाताने पाठवून वर इतरांचंही काढून घ्यायचं, हे मला पटत नाही.

दुसरी वाट होती. जपानमध्ये, बापाने जन्मानंतर मूल आपलं म्हणून मान्य केलं तरी आईबापांनी लग्न केल्याशिवाय त्या मुलाला नागरिकत्व मिळत नसे. आई फिलिपिनो आणि बाप जपानी असलेली दहा मुलं कोर्टात गेली. ४ जून २००८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लग्नाची अट रद्द केली आणि त्या मुलांना जपानी ठरवलं. १ जानेवारी २००९ पासून कायदाही बदलला.

मराठी माणसाचा संबंध विचारलात. न्यू जर्सीत जन्मलेली, दहाव्या वर्षी आईबाबांबरोबर पुण्याला परतलेली आणि तिथेच शिकलेली मुलगी घ्या. तिला पुण्यात, लग्न न करता, भारतीय जोडीदारापासून मूल झालं, तर जून २०१७ पूर्वी ते जन्मतः अमेरिकन ठरलं असतं. आज ठरणार नाही, कारण चौदाव्या वर्षानंतरची दोन वर्षं तिच्याकडे नाहीत. आणि आपला कायदा? १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व फक्त बापाकडून मिळे. परक्या देशाच्या माणसाशी रीतसर लग्न करून लंडनला बाळंत झालेल्या मराठी मुलीचं मूल त्या नियमाने भारतीय नव्हतं. तिने तर लग्नही केलं होतं.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, म्हणजे बाप अमेरिकन, लग्न नाही आणि मूल भारतात, तर त्यांना सांगा, की बापाचं शपथपत्र आणि खर्चाची लेखी हमी मूल अठरा वर्षांचं होण्याआधी करून ठेवा, आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जन्माची नोंदणीही त्याच मुदतीत करा. बापाच्या शाळेच्या गुणपत्रिका, जुने पासपोर्ट, पगाराच्या पावत्या आत्तापासून जमवा. पाच वर्षांचा मुक्काम त्यावरच सिद्ध होतो. आणि भारतीय आईबापांचं मूल परदेशात जन्मलं असेल, तर भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद करा. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते.