हायकोर्टाची ऑर्डर आणि चार भोकं

केस जिंकल्यावर लगेच पेढे वाटू नयेत हे वकिलांनी मला आधी सांगायला हवं होतं. मी वाटले, शेजाऱ्यालाही एक दिला (केस त्याच्याच बांधकामाची होती, पण म्हटलं उगाच कडवटपणा नको), आणि त्याने तो खात खात विचारलं, "काका, ऑर्डर नीट वाचलीत ना?"

नव्हती वाचली. मला वाटलेलं हायकोर्ट म्हणेल पाडा. हायकोर्ट म्हणालं, पालिकेने माझ्या तक्रारीवर आठ आठवड्यांत कायद्यानुसार निर्णय घ्यावा. म्हणजे पालिकेने तिचंच काम करावं एवढं तिला सांगून घ्यायला मी दोन वर्षं वकिलाची फी भरत होतो.

विषय तसा छोटा. आमच्या दोन घरांमध्ये जी मोकळी जागा सोडायची असते, साइड मार्जिन म्हणतात ती, तिथे त्याने आधी पत्रा टाकला, मग पावसाचं पाणी आत येतं म्हणून भिंत घातली, मग एवढी भिंत घातलीच आहे तर म्हणून स्लॅब. आता आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की हात थेट त्याच्या बाथरूमच्या भिंतीला लागतो. पहिल्या तक्रारीनंतर एमआरटीपी कायद्याच्या (म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या) कलम 53 ची, बेकायदा बांधकाम काढा अशी, नोटीस निघाली, त्या भिंतीवर चिकटवली, फोटो काढला. पुढच्याच आठवड्यात त्या भिंतीला प्लास्टर झालं. नोटीस अजून आतच आहे, आणि अख्ख्या बांधकामात कायदेशीर असं तेवढंच आहे.

मग त्याने कलम 44 खाली परवानगीचा अर्ज टाकला. आधी बांधायचं आणि मग विचारायचं, चालतं का? चालतं, आणि अर्ज पेंडिंग असेपर्यंत नोटीस गप्प बसते. तो अर्ज टेबलावर इतका निवांत झोपला होता की त्याला उठवायलाच मला हायकोर्टात जावं लागलं.

असो. सर्टिफाईड कॉपी घेऊन वॉर्ड ऑफिसला गेलो. साहेब फार अदबीने बोलले, मला तेव्हाच संशय यायला हवा होता. म्हणाले, "सुप्रीम कोर्टाने 13 नोव्हेंबर 2024 ला सांगितलंय, पाडायच्या आधी 15 दिवसांची नोटीस पाहिजे, आमचे हात बांधलेले आहेत." मीही तयारीने गेलो होतो, म्हटलं त्याच सुप्रीम कोर्टाने महिनाभराने, 17 डिसेंबरला, असंही सांगितलंय की बांधकाम जुनं झालं, पैसे घातले किंवा अधिकारी गप्प बसले एवढ्यावरून बेकायदा ते कायदेशीर होत नाही, आणि चुकार अधिकाऱ्यांवर खात्याची कारवाई करा. साहेब म्हणाले, "हो का, ते सर्क्युलर आमच्याकडे आलेलं नाही."

शेवटी अर्ज नामंजूर झाला, पाडायची ऑर्डर निघाली आणि सुरू झाला पोलीस बंदोबस्ताचा शोध. बंदोबस्त सणाला होता, निवडणुकीला होता, मंत्र्यांच्या दौऱ्याला होता, फक्त माझ्या बाथरूमकडे, म्हणजे त्याच्या बाथरूमकडे, यायला नव्हता. मध्ये पावसाळा आला, पावसाळ्यात राहती घरं पाडत नाहीत, तर शेजाऱ्याने तिथे एक खाट टाकली आणि सासऱ्यांना आणून त्यावर झोपवलं. सासरे चार महिने राहिले. माणूस चांगला आहे, आमची पेपरची अदलाबदल चालायची.

नोएडाचे ते दोन बेकायदा टॉवर आठवतात? तीसेक मजले, 28 ऑगस्ट 2022 ला काही सेकंदांत खाली बसले. टीव्हीवर बघून ही म्हणाली होती, बघा, मनात आणलं तर होतं. त्यांनासुद्धा कोर्टाने दिलेले तीन महिने पुरले नव्हते, वर्ष गेलं होतं हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

आणि एक दिवस खरंच गाडी आली. दहा-बारा माणसं, दोन हवालदार, एक ब्रेकर. जनरेटर नाही. शेजाऱ्याची लाईट नेमकी त्या दिवशी "गेलेली". मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमच्याकडून एक वायर टाकू का?" दिली टाकायला. चहापण आम्हीच केला, पंच म्हणून सहीपण मीच केली असती पण तक्रारदाराला चालत नाही म्हणे.

मोजून चार भोकं पाडली स्लॅबला. प्रत्येक भोकाचा आधीचा आणि नंतरचा फोटो. मग ब्रेकर गरम झाला म्हणून सगळे निघाले आणि संध्याकाळपर्यंत कागदावर आलं की अनधिकृत बांधकामावर निष्कासनाची कारवाई करण्यात आली, सबब कोर्टाच्या आदेशाचं पालन झालं. वकिलांना फोन केला तर ते खुशीत, म्हणाले आता कंटेम्प्ट (कोर्टाच्या अवमानाची केस) टाकू, त्याची फी वेगळी.

परवा लाईटबिल आलं, चांगलंच वाढून. शेजारी कुंपणावरून बघत होता, म्हणाला निम्मे पैसे मी देतो काका, टाकीचा पाइप काढायला मला दोन भोकं पाडायचीच होती.