शेवंतीची रात्रपाळी

थंडीत माझ्या गरजा फार नसतात. आजीच्या नऊवारी लुगड्यांची, आईने धावदोरा घालून शिवलेली गोधडी. रात्रीच्या जेवणानंतर बाल्कनीत वेताची खुर्ची, डोक्यावर पिवळा बल्ब, हातात आलं-गवती चहाचा कप आणि मांडीवर भाजलेल्या शेंगांची ताटली. पुण्यात पारा १० अंशांखाली उतरल्यावर याहून जास्त सुख मागणाऱ्या माणसाकडे मी जरा संशयानेच बघतो.

गेल्या हिवाळ्यात यातलं एकेक करत सगळं गेलं. शेवंतीने नेलं.

सुरुवात आईने केली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीच्या घटापुढे शेवंती हवीच, आणि नेमक्या त्या दिवसांत मंडईतला फुलवाला पावशेर शेवंती सोनं तोलल्यासारखी तोलतो. ‘‘एवढ्या पैशांत रोप येतं,’’ आई म्हणाली. जूनमध्ये तीन रोपं आणली. पावसाळ्यात मी नियमाने शेंडे खुडले, झुडपं अशी भरली की कुंडी दिसेना. दसरा झाला, दिवाळी झाली, त्रिपुरी पौर्णिमेला आकाशकंदील उतरवला. झाडांवर पानंच पानं. भाजी करता आली असती.

शेजारच्या वहिनींनी माझ्याबरोबरच, त्याच ट्रेमधली रोपं घेतली होती. त्यांच्याकडे झाडाला पानं शोधावी लागत होती. ‘‘काय घालता हो?’’ मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. ‘‘छे हो, आम्ही काहीच करत नाही.’’ बागकाम करणाऱ्या माणसाला याहून जिव्हारी लागणारं वाक्य मराठीत नाही. मी शेणखत घातलं होतं, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं होतं, एकदा बायकोची नजर चुकवून कढीचं ताकही घातलं होतं.

शेवटी नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. त्याने खताचं नावच काढलं नाही. ‘‘साहेब, रात्री बाल्कनीत दिवा असतो?’’

‘‘असतो. मी बसतो ना तिथे.’’

‘‘मग एक काय ते ठरवा. तुम्ही बसायचं, का तिने फुलायचं.’’

शेवंतीला म्हणे रात्र मोजता येते. दिवस आखडले, रात्र लांबली आणि तो सगळा अंधार सलग मिळाला, तरच ती कळी धरते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी तिचा हिशेब चुकतो आणि ती पुन्हा पानं काढत बसते. मोठे फुलशेतीवाले याच खोडीवर धंदा करतात. फुलं उशिरा हवी असतील तर रात्री शेतात बल्ब लावतात, लवकर हवी असतील तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी झाडांचा हा स्वभाव जगापुढे मांडला. ते तंबाखूच्या कुंड्या दुपारीच उचलून अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायचे. वाचून मला बरं वाटलं. फक्त, त्यांना त्या कामाचा पगार होता.

आणि आमची बाल्कनी? माझा बल्ब, वसुबारसेपासून पौर्णिमेपर्यंत रात्रभर पेटलेला आकाशकंदील, शिवाय खाली सोसायटीच्या पार्किंगमधला हॅलोजन, जो थेट पहिल्या मजल्यावर, म्हणजे आमच्याकडे तोंड करून उभा आहे. वहिनींची बाल्कनी मागच्या अंगाला, ठार काळोखात. त्यांच्याकडे उजेड नाही याची मला दोन वर्षं कीव येत होती.

बल्ब त्याच दिवशी बंद झाला. अंधारात शेंगा खाऊन पाहिल्या. खवट दाणा उजेडात निम्मा आधीच कळतो, हा शोध तेव्हा लागला. चहाचा कप एकदा कठड्यावर ठेवला असं मला वाटलं. खालच्या काकांना तसं वाटलं नाही. हॅलोजनबद्दल सेक्रेटरींना भेटलो, तर ते म्हणाले, ‘‘चोर आले तर तुमची शेवंती धरणार का त्यांना?’’

राहिला उपाय झाकण्याचा. खोकी घातली, त्यांत मांजराने बिऱ्हाड केलं. जुनी चादर टाकली, तिच्यातून हॅलोजन चाळणीतून पीठ गळावं तसा गळत होता. मग मी घरातलं एकेक पांघरूण एक्स-रेसारखं ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं. ज्यातून तसूभरही उजेड आला नाही अशी वस्तू घरात एकच निघाली. बायको काही बोलली नाही. नुसती गोधडीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला कुंड्यांवर गोधडी आणि सकाळी सातला काढायची, अशी माझी पाळी लागली. सकाळचे सात! जिथे गोधडीतून बाहेर येणं हीच माझी सकाळची सगळ्यात मोठी कामगिरी, तिथे आता गोधडी दुसऱ्याच्या अंगावरून काढायला उठायचं. मला मिळालं पॉलिएस्टरचं ब्लँकेट. हे ब्लँकेट ऊब देत नाही, ठिणग्या देते. रात्री कूस बदलली की तडतडतं, आणि पहाटे, गारठा ऐन भरात असताना, आपण होऊन पलंगाखाली उतरतं. दाराच्या काचेतून बाल्कनीत आजीच्या लुगड्यांखाली तीन गोल, तृप्त आकृत्या झोपलेल्या दिसायच्या. मित्रांचा मुक्कामी हुरड्याचा बेत आला, तर ‘‘सहाच्या आत घरी पोचायला हवं’’ असं सांगून मी तो टाळला. त्यांनी समजूतदारपणे वहिनींच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, तब्येतीची चौकशी केली.

छाटलेल्या गुलाबाने एव्हाना दोनदा फुलून घेतलं. दसऱ्याच्या झेंडूचं बी पडून आपोआप आलेली रोपंसुद्धा फुलली. मार्गशीर्षातले सगळे गुरुवार मंडईतल्या शेवंतीवर पार पडले. नर्सरीवाल्याने आठ आठवडे सांगितले होते, त्या हिशेबाने संक्रांतीला फूल यायला हवं होतं. संक्रांतीला मिऱ्याएवढ्या कळ्या होत्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तिळगूळ घेता घेता बाल्कनीकडे बघून हळूच विचारलं, ‘‘कोणी आजारी आहे का?’’ मी नर्सरीत जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘उजेड जातोय कुठून तरी.’’ मी गोधडीचा टाका न् टाका तपासला.

रथसप्तमीला सकाळी गोधडी उचलली आणि खाली एक पिवळंधमक फूल. एकच, पण पुरं उमललेलं. मी ओरडून सगळ्यांना उठवलं. आई पदर सावरत आली, फुलावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘आलीस बाई एकदाची! रोज रात्री बघत होते.’’

‘‘रात्री?’’

‘‘अरे, दोनच्या सुमाराला उठते ना मी. मग मोबाइलची बॅटरी लावून बघायचे कळी आली का. जरा वेळ बसायचे तिच्याजवळ. एवढी मेली थंडी, तेव्हा मग परत नीट पांघरूण घालून यायचे.’’