जुनी कचेरी नवी कशी करावी

तुमच्या ताब्यात एखादी ब्रिटिशकालीन कचेरी आली असेल, तर आधी अभिनंदन स्वीकारा. दोन फूट जाडीच्या भिंती, कौलारू छप्पर, चहूबाजूंनी व्हरांडा आणि शंभरावर पावसाळे काढूनही उभं राहण्याचा हट्ट. हा हट्ट मोडायचा कसा, एवढाच काय तो प्रश्न.

प्रस्तावाला पार्श्वभूमी लागते. ‘सदर इमारत ब्रिटिशकालीन असून जीर्ण झालेली आहे’ एवढं वाक्य पुरे. कोणी बांधली, कधी बांधली, या भानगडीत पडू नका. इतिहास माहीत झाला की पंचाईत होते. मुंबईच्या जुन्या सचिवालयाचंच बघा. आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा, काम पुरं झालं १८७४ साली, हे सगळं नोंदलेलं. १९५५ मध्ये नवं सचिवालय, म्हणजे आजचं मंत्रालय, उभं राहिलं, तरी जुन्या इमारतीत आजही न्यायालय भरतंच आहे. त्यात मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने आसपासच्या इमारतींसकट या जुन्या सचिवालयाला जागतिक वारशात घेतलं. संपलं! आता तिथे एक खिळा ठोकायचा तर दहा जणांना विचारा. तालुक्याच्या कचेरीवर असली संकटं सहसा येत नाहीत.

कामाला हात घालाल तो गिलाव्यापासून. जुना गिलावा चुन्याचा. चुनखडी भाजायची, विझवायची, घाण्यात वाळूबरोबर मळायची, कुठे त्यात गूळ, कुठे बेलफळाचा गर. मग तो भिंतीवर बसून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षं सावकाश घट्ट होत राहणार. एवढा सबुरीचा माल मार्चअखेरच्या बिलात बसतो का? शिवाय त्याची खोड अशी, की भिंतीत ओल शिरली तर तो ती उन्हाळ्यात बाहेर सोडून देतो. म्हणजे तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणजे अंदाजपत्रक नाही.

तेव्हा तो खरवडून टाका आणि सिमेंट चढवा. सिमेंट ओल सहजी बाहेर सोडत नाही. जोत्यातून वर चढलेलं पाणी आत कोंडतं, क्षार फुगतात, दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. आता तुमच्या लक्षात येईल की एका भिंतीत किती कामं दडलेली आहेत. ओल थांबवणारं रसायन हे एक काम. रसायन टिकलं नाही म्हणून ऑइलपेंट, हे दुसरं. पेंट सुटला म्हणून छातीइतक्या उंचीपर्यंत टाइल्स. टाइल्सच्या वर ओल आली की टाइल्स छतापर्यंत. प्रत्येक वेळी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद. अहवालात कारण एकच लिहायचं: इमारत जुनी आहे.

छपराकडे वळू. मंगळुरी कौलं १८६५ पासून, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कारखाना काढल्यापासून, बनत आली आहेत. त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून खाली माणसाला जरा बरं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे फॉल्स सीलिंग. खोली खुजी झाली, झरोके वर राहिले, उकडायला लागलं की एसी मागायला तुम्ही मोकळे. पूर्वी कौल सरकलं की उजेडाचा कवडसा टेबलावर पडायचा आणि शिपाई काठीने ते जागेवर ढकलायचा. आता कौल सरकल्याचा पत्ता लागत नाही.

एका कचेरीत मी उताऱ्यासाठी बसलो होतो. सीलिंगच्या एका चौकटीला चहाच्या रंगाचं पोट सुटलं होतं आणि त्यातून थेंब खालच्या हिरव्या बादलीत पडत होता. कारकून बाईंनी न बघता बादली पायाने दोन बोटं सरकवली. नेम बरोब्बर. बाजूला रंगारी सागवानी दाराला चॉकलेटी रंग देत होता. बिजागऱ्या रंगल्या, कडी रंगली, पंख्याचं बटणसुद्धा रंगलं. ते पुढे कधी दाबलं गेलं असेल असं वाटत नाही.

त्याच दाराशेजारी कोनशिला होती. ऑइलपेंटचे इतके हात बसले होते की अक्षरं दिसत नव्हती, बोटांनी चाचपून ‘१८’ तेवढं लागलं. पुढचे दोन आकडे भरून गेले होते. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, “ब्रिटिशकालीन आहे ना!” बघा, पार्श्वभूमीचं वाक्य कसं मुरतं.

दर्शनी भागाची चिंता करू नका. काळा घडीव दगड दिसायला उदास. त्यावर अॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे मारले की कचेरी मोबाइलच्या शोरूमसारखी दिसते आणि लोक बिचकत आत येतात.

शेवटी नामफलक. तो ग्रॅनाइटचा हवा, अक्षरं सोनेरी. ज्यांच्या हस्ते, ज्यांच्या प्रमुख उपस्थितीत, ज्यांच्या विशेष प्रयत्नांतून, सगळे मावले पाहिजेत. जागा कमी पडली तर जुनी कोनशिला काढून घ्या. वर सांगितलेल्या कचेरीत तसंच केलं. पुढच्या वर्षी गेलो, तर ती मागच्या अंगणात जनरेटरच्या चाकाला टेकण म्हणून लावलेली होती. दगड चांगला आहे, जनरेटर तसूभर हलत नाही.