‘एनर्जी’ म्हणे ‘अंतर्-ऊर्जा’!

मावशीने एक मजकूर पाठवला, वर हुकूम: ‘सगळ्यांना पाठव.’ मजकूर थोडक्यात असा: ‘एनर्जी’ म्हणजे संस्कृत ‘अंतर्-ऊर्जा’, कंपनीच्या राज्यात इंग्रजांनी तो शब्द पळवला आणि बिघडवला, एनर्जी, फोर्स, पॉवर सगळं एकच, प्राणशक्ती, ती वाढवली की गोळ्या लागत नाहीत. मावशी रक्तदाबाची गोळी घेते, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी ती पळवापळवी. फिलिप सिडनी हा इंग्रज कवी 1586 मध्ये वारला. त्याचा काव्याची बाजू मांडणारा निबंध 1595 मध्ये छापला गेला आणि त्यात ‘एनर्जिया’ हा शब्द आहे, शैलीतला जोर या अर्थाने. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली 1600 मध्ये. म्हणजे चोर जन्मायच्या आधीच चोरी झाली!

शब्द ग्रीक आहे. ‘एन’ म्हणजे आत, ‘एर्गोन’ म्हणजे काम, त्यावरून ‘एनेर्गेइया’. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने तो ‘दुनामिस’च्या, म्हणजे नुसत्या क्षमतेच्या, विरुद्ध वापरला: डोळे मिटलेल्याकडे दृष्टी असते, पण पाहण्याची क्रिया प्रत्यक्ष चालू असणं ही एनेर्गेइया. प्राणबिण काही नाही. याच ‘एर्गोन’च्या घरातली ‘सर्जरी’ (हाताचं काम), ‘ॲलर्जी’ आणि ‘आर्गॉन’ही, कारण तो वायू सहसा कशाशी संयोगच करत नाही, म्हणून ‘निष्क्रिय’. आता नुसत्या उच्चारावरून व्युत्पत्ती लावायची तर सर्जरी म्हणजे ‘सर-ऊर्जा’ आणि ॲलर्जी म्हणजे ‘अल्प-ऊर्जा’ का?

बरं, ‘एन’ आणि ‘अंतर्’ यांचं लांबचं नातं आहे, कबूल. ‘ऊर्ज्’ ऋग्वेदात आहे, हेही कबूल. ‘आपो हि ष्ठा’ या ऋचेत ‘ऊर्जे’ येतं. पण ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या बहिणी. बहिणीशी चेहरा जुळला म्हणून कुणी तिची मुलगी ठरत नाही.

‘सगळं एकच’ हे तर शाळेतलं पुस्तक उघडलं तरी कोसळतं. फोर्स न्यूटनमध्ये, एनर्जी ज्यूलमध्ये, पॉवर वॉटमध्ये. भिंत तासभर ढकला. घाम येईल, पण भिंत हलली नाही तर तिच्यावर झालेलं कार्य शून्य, म्हणजे फोर्स लावला, पण भिंतीला एनर्जी मिळाली नाही. भौतिकशास्त्रातला आजचा अर्थ तर बराच अलीकडचा. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1807 मध्ये छापलेल्या व्याख्यानांत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याला ‘एनर्जी’ म्हटलं. आजच्या गतिज ऊर्जेच्या सूत्रातला ‘अर्धा’ हा गुणक पुढे आला.

राहिल्या गोळ्या. रक्तदाब वाढलेल्या माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. तो उत्साहीही असू शकतो, मजकुराच्या भाषेत ‘फुल एनर्जी’. त्याच भरात त्याने गोळी सोडली, तर दाब गुपचूप चढत राहतो आणि कळतं ते कधी कधी थेट पक्षाघात झाल्यावर.